गुसलखाना की झोपायची खोली?

१२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्याच्या किल्ल्यात औरंगजेबाला भेटले. ती भेट जिथे झाली त्या जागेला त्या काळचे लोक ‘गुसलखाना’ म्हणत. शाळेत हे पहिल्यांदा ऐकले की मुले हसतात. बादशहाने एवढ्या मोठ्या पाहुण्याला न्हाणीघरात कशाला बोलावले? तर ते न्हाणीघर नव्हते, दिवाण-ए-खास होते. बादशहाच्या हमामाला लागून असलेल्या दालनात मोजक्याच लोकांना प्रवेश मिळे, राज्याच्या नाजूक गोष्टी तिथे बोलल्या जात. त्या शेजारामुळे दालनाला गुसलखाना हे नाव पडले. शाहजहानने त्याला ‘दौलतखाना-ए-खास’ असे भारदस्त नाव दिले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. हिंदी कवी भूषणाच्या छंदांतही गुसलखाना येतो तो याच अर्थाने.

म्हणजे सतराव्या शतकात हिंदुस्थानातल्या सर्वांत ताकदवान माणसाची सर्वांत खासगी जागा न्हाणीघराच्या नावाने ओळखली जात होती. आपल्या घरात मात्र न्हाणीघर ही शेवटी आठवणारी गोष्ट. हॉल, किचन, बेडरूम आखून झाले की जो कोपरा उरेल तो बाथरूमचा.

हे आठवायचे कारण घरगुती आहे. डहाणू गावातले आमचे जुने घर दुरुस्तीला निघाले आहे. मागच्या बाजूला आठ फूट बाय पाच फूट, म्हणजे चाळीस चौरस फुटांची एक पट्टी आहे. आजवर तिथे सरपण, सायकली आणि मोडकी खाट असायची. भावाचे म्हणणे, मधली भिंत काढून ही पट्टी बेडरूमला जोडू, कपाट बसेल, मुलांच्या अभ्यासाला टेबल बसेल. अम्मी आणि भाभीचे म्हणणे, दुसरे बाथरूम काढा. घरात माणसे सात, बाथरूम एक. माणशी पंधरा मिनिटे धरली तरी पावणेदोन तास होतात. त्यात फजरची वुजू, शाळेची वेळ, आणि डहाणू रोडहून लोकल पकडणाऱ्यांची घाई. १६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून आमच्या गावातल्या कितीतरी घरांची सकाळ रेल्वेच्या वेळापत्रकाने सुरू होते.

हा वाद फक्त आमच्या घरचा नाही. घर बांधणारा, वाढवणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे अडतो. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू, आपल्या घरांनी झोप आणि आंघोळ या दोन गरजा कशा सोडवल्या.

झोपेला खोली नव्हती

आपण ज्याला बेडरूम म्हणतो ती सामान्य माणसाच्या घरात फार जुनी नाही. वाड्यांमध्ये शेजघर असे, पण ते सधन लोकांचे. बाकीच्यांच्या घरात ओटी, माजघर, पडवी. रात्री पुरुष ओटीवर, बायका-मुले माजघरात. सतरंजी अंथरली की झोपायची खोली तयार, सकाळी गुंडाळली की तिथेच पानं मांडायची. एकाच जागेत धान्य निवडणे, बाळंतपण, पाहुणा, नमाज, पूजा सगळे होई.

डहाणू-तलासरीतले जुने वारली घर पाहिले तर हे आणखी स्पष्ट दिसते. कारवीच्या नाहीतर बांबूच्या कामट्यांच्या भिंती, वरून माती आणि शेणाचा गिलावा. या भिंतीला कूड म्हणतात. याच कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे पुढे जगभर गेली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. त्या घरात चूल, कणगी, माणसे आणि पावसाळ्यात कोंबड्या-शेळ्यासुद्धा एका छपराखाली असत. झोपायला वेगळी खोली नसे. न्हाणी मात्र वेगळी असे: घराच्या मागे किंवा बाजूला चार कामट्यांचा आडोसा आणि पायाखाली एक सपाट दगड.

याचा अर्थ जुनी माणसे आपल्यापेक्षा सुखी होती असा नाही. जागा नव्हती, पैसा नव्हता. पण त्या घरांतून एक गोष्ट कळते. झोप हलवता येते. ओटीवरून अंगणात नेता येते, पाहुणा आला की सरकवता येते. आंघोळीला आणि शौचाला आडोसा, पाणी आणि पाण्याला वाट हे तिन्ही एकाच जागी लागते. ती जागा गुंडाळून ठेवता येत नाही.

पुरुषांची सोय गावभर होती

आता आडोसा कुणाला मिळत होता ते पाहू. पुरुषाची आंघोळ विहिरीवर, नदीवर, तलावावर उघड्याने होत असे. मुसलमान पुरुषाला मशीद होती. तिथे हौद असे, वुजूची जागा असे, अनेक मशिदींत गुस्ल करायची आणि शौचाची सोयही असे. मोठ्या शहरांत हमाम होते. बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातला शाही हमाम आजही पाहता येतो, आणि त्या शहराला पाणी देणारी कुंडी भंडाऱ्याची भुयारी योजना खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास झाली. औरंगाबादला मलिक अंबरने नहर आणली. गुस्ल आणि वुजू हे इबादतीचे भाग असल्याने पाण्याचा विचार मुस्लिम वस्तीत आधी झाला, हे आपण अभिमानाने सांगतो.

सांगावे, पण अर्धेच सांगू नये. मशिदीच्या हौदावर घरातली बाई जात नव्हती. गुस्ल तिच्यावरही तेवढेच फर्ज होते. तिच्यासाठी होती घरातली मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली तीन फुटांची चौकट, एक पडदा, आणि भांडी घासून झाल्यावर तिथेच आंघोळ. बाळंतीण, पाळी आलेली मुलगी, आजारी सासू, सगळ्यांची तीच मोरी. शौचासाठी पहाटे काळोखात किंवा रात्री काळोखात बाहेर. दिवसभर अडवून धरायचे, पाणी कमी प्यायचे. हे हिंदू घरात होते, मुसलमान घरात होते, आदिवासी पाड्यावर होते. पुरुषांसाठी गावभर सोयी होत्या आणि बाईसाठी अंधार होता.

म्हणून घरातले बाथरूम हा सोयीचा मामला वाटला तरी तो आधी बाईचा मामला आहे. आमच्या घरातल्या वादात कोण कुठल्या बाजूला उभे राहिले ते पुन्हा वाचून पाहा.

अटॅच बाथरूम कुणाच्या खांद्यावर आले

आज फ्लॅटच्या जाहिरातीत ‘मास्टर बेडरूम विथ अटॅच बाथ’ ही प्रतिष्ठेची गोष्ट असते. हिंदुस्थानात तिचा उगम इंग्रजांच्या बंगल्यात सापडतो. छावणीतल्या, सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात प्रत्येक झोपायच्या खोलीला लागून एक न्हाणीघर असे. त्या काळात खुद्द इंग्लंडमधल्या बहुतेक घरांना अशी चैन नव्हती. मग इथे ती कशी परवडली? नळ होते म्हणून नाही. माणसे स्वस्त होती म्हणून. न्हाणीघराला बाहेरच्या बाजूने आणखी एक दार असे. त्या दाराने पखालीतून पाणी घेऊन भिश्ती येई, आणि त्याच दाराने मैला उचलायला सफाई कामगार येई. भिश्ती बहुतेक मुसलमान. महाराष्ट्रात त्यांना पखाली म्हणतात. सफाई कामगार दलित. एकाच्या पाठीवर पाणी, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपली. साहेबाच्या घरात या दोघांनाही पुढचे दार नव्हते.

गावाशहरांतल्या आपल्या घरांनीही हेच केले. संडास घराच्या मागे, शेवटच्या टोकाला. आपण म्हणतो घाण नको म्हणून, विटाळ नको म्हणून. आणखी एक कारण होते. टोपलीचा संडास रोज कुणीतरी रिकामा करायचा आणि त्या माणसाची सावली घरात यायला नको होती. म्हणून मागची गल्ली. इस्लाममध्ये अस्पृश्यता नाही हे आपण मंचावरून सांगतो. मुसलमान मोहल्ल्यातल्या संडासांनाही तशीच मागची गल्ली होती, हे घराच्या नकाशावरून दिसते.

या माणसांकडे सरकारचे लक्ष उशिरा गेले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. त्याआधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतःच्या हाताने केले होते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले, ते नाकारले गेले म्हणून उपोषण केले, आणि गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैला डोक्यावर न उचलता खत होईल अशा संडासाचे प्रयोग केले. टोपलीचे संडास बांधण्यावर बंदी घालणारा कायदा झाला १९९३ मध्ये, आणि तो पुरा पडला नाही म्हणून दुसरा २०१३ मध्ये.

संडास घराच्या आत आला तो पाण्याचा नळ आणि शौचटाकी आल्यावर. मागच्या दाराची गरज संपली. म्हणून आज मागच्या पट्टीत बाथरूम काढताना हा इतिहास मनात असू द्यावा. ती सोय पूर्वीही होती. फक्त तिची किंमत दुसरा कुणीतरी देत होता.

चौरस फुटांचे राजकारण

गरिबाला किती जागा पुरते, हे सरकारने वेळोवेळी ठरवले आहे. १९२० च्या दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास मजल्यावर सामायिक. त्या खोल्यांत दहा-दहा माणसे झोपली, गॅलरीत झोपली, जिन्यात झोपली. झोपेने वाट काढली. सकाळच्या रांगेने काढली नाही. चाळीवरचे नाटक असो की विनोद, संडासाची रांग त्यात येतेच.

झोपडपट्टी पुनर्वसनात घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ झाले, मग ३००. घर लहान असले तरी शौचालय आणि न्हाणीघर घराच्या आत, हे मात्र त्या योजनेने पहिल्यापासून मानले. चाळीतल्या बाईला विचारा, खोली मोठी हवी की संडास घरात हवा. उत्तर द्यायला ती फार वेळ घेणार नाही.

तलासरीच्या पाड्यावर पंतप्रधान आवास योजनेचे घरकुल बांधले जाते ते किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे तेच २६९ चौरस फूट. योजना २०१६ ची. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, आणि शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून वेगळे १२ हजार. या पैशात घरमालक पहिली गोष्ट कुठली वाढवतो? हातात थोडे जास्त पैसे असले तर पुढे पडवी काढतो. मागे न्हाणीला विटांच्या चार ओळी चढवतो. आत भिंत घालून बेडरूम करायची घाई त्याला नसते. त्याचे प्राधान्य त्याच्या जुन्या कुडाच्या घराशी जुळते.

शौचालय बांधले म्हणजे वापरले जातेच असे नाही. पाणी लांबून आणायचे असेल तर त्यात सरपण भरले जाते. यात आळस कमी आणि हिशोब जास्त आहे. एक हंडा फ्लशला ओतायचा की चुलीवर ठेवायचा, हा निर्णय तो हंडा डोक्यावरून आणणारी बाई घेते.

जमीन हलली तेव्हा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी हे नाव तेव्हा राज्यभर गेले. एका महिन्यात कितीतरी लहान धक्के, मध्येच ४ रिश्टरच्या आसपासचा मोठा. भिंतींना तडे गेले. थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले.

त्या हिवाळ्याकडे मी या वादाच्या नजरेने पाहतो. झोप तंबूत गेली, अंगणात गेली, बैलगाडीखाली गेली. हाल झाले, पण झोप गेली. आंघोळ आणि शौच तंबूत नेता येत नव्हते. तडे गेलेल्या भिंतीच्या आत जायची भीती आणि बाहेर आडोसा नाही, अशी बाईची कोंडी झाली की आडोसा हाच निवारा असतो हे कळते.

दुसरा धडा बांधकामाचा. भावाच्या योजनेत मधली भिंत काढायची आहे. आमचे घर वीटबांधणीचे, छताचा भार भिंतींवर. अशा घरात आडव्या भिंती एकमेकींना धरून असतात. एक काढली की उरलेल्या लांब भिंती हलायला मोकळ्या होतात. लोखंडी गर्डर टाकून काम होते, पण आपल्या भागात ते इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नये. छोट्या खोल्या आणि जास्त भिंती दिसायला कोंदट, पण धक्क्यात बऱ्या.

भावाची बाजू

भावाचे मुद्दे मात्र हलके नाहीत. मुलांना अभ्यासाला जागा हवी हे खरे आहे. दुसरे बाथरूम म्हणजे दुसरी गळती, दुसरी ओल, हेही खरे. पाण्याचा मुद्दा सर्वांत मोठा. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे रोजचे ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे नेण्याची योजना झाली, आणि शेतीसाठी ठरलेले पाणी शहरांच्या बाथरूमला का, असा प्रश्न इथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विचारला. जलजीवन मिशन गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरते. शहराचा हिशोब १३५ लिटरचा. अशा जिल्ह्यात आणखी एक बाथरूम काढणे ही उधळपट्टी नाही का?

यावर माझे उत्तर असे. पाणी बाथरूम खात नाही, शॉवर आणि दहा लिटरची टाकी खाते. सात माणसांच्या सात बादल्या एका ठिकाणी ओतल्या काय आणि दोन ठिकाणी ओतल्या काय, बादल्या सातच. रांग तेवढी निम्मी होते. वुजूला तर लोटाभर पाणी पुरते. वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे.

आणि बाथरूम ‘अटॅच’ करू नये. बंगल्याची ती रीत एका जोडप्याच्या चैनीची आहे. बाथरूमचे दार बेडरूममध्ये उघडले की ते त्या खोलीचे होते. पडवीत उघडले की सगळ्या घराचे होते. शिवाय आपल्या जुन्या घरात संडास वेगळा आणि न्हाणी वेगळी असे. इंग्रजी पद्धतीने दोन्ही एका दाराआड आले, आणि एक माणूस दाढी करत असला की बाकी सहा जण बाहेर उभे. वेगळे केले तर एकाच वेळी दोघांची सोय होते. ज्यांच्याकडे नव्या बाथरूमला जागाच नाही त्यांनी आहे त्या बाथरूममध्ये एक भिंत घालून पाहावे. बऱ्याच घरांचे भांडण तेवढ्यावर मिटेल.

आमच्या पट्टीचे आता असे ठरते आहे. तीन बाय पाचचा संडास, त्यात धरायला दांडी, कारण अम्मीचे गुडघे रात्री उठताना साथ देत नाहीत. उरलेल्या जागेत न्हाणी, आणि वुजूसाठी बसून पाय धुता येईल असा नळ. आपल्याकडून किब्ला जवळजवळ पश्चिमेला, म्हणून संडासाची बैठक उत्तर-दक्षिण. जुन्या बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून, म्हणजे पाइप एकाच बाजूला राहतील आणि उतार नीट मिळेल. टाकी विहिरीपासून लांब. मधली भिंत जागच्या जागी. मुलांचे टेबल हॉलच्या खिडकीखाली, तिथे उजेडही बरा आहे. रात्री हॉलमध्ये गाद्या पडतील, सकाळी उचलल्या जातील, जशा आपल्या आजी-आजोबांच्या घरात उचलल्या जात.

ज्यांच्या घरात हाच वाद चालू आहे त्यांनी टेप घेऊन मोजमाप करण्याआधी एक यादी करावी. जागा कमी पडते तेव्हा कोण सरकून झोपते, आणि बाथरूम कमी पडते तेव्हा कोण अडवून धरते. पहिल्या यादीत बहुतेक सगळ्यांची नावे येतात. दुसरीत घरातली बाई, मुलगी आणि म्हातारी माणसे असतात.